टाइल्समधले सांधे: तपासणी, खरवडणे आणि नव्याने भरणे

आमच्या न्हाणीघरात नळाखाली जिथे बादली रोज टेकते, तिथल्या दोन टाइल्समधला सांधा नखाने उकरला की ओल्या पिठासारखा बोटाला लागत असे. गवंड्याने त्यावर दोन वेळा पांढरे सिमेंट फासून दिले आणि दोन्ही वेळा ते पुढचा पावसाळा संपायच्या आत निघून गेले. तिसऱ्या वेळी मी तो सांधा स्वतः खरवडला, तेव्हा वरचा सिमेंटचा थर जेमतेम नखाच्या जाडीचा निघाला आणि त्याखाली जुना, मऊ पडलेला, काळपट माल जसाच्या तसा बसलेला होता. नवे सिमेंट टाइलच्या कडेला धरलेच नव्हते. ते त्या सडक्या थरावर नुसते टेकलेले होते. सांधा का बिघडला हे आधी शोधायचे आणि मग तो पुरेसा खोल रिकामा करायचा, या दोन गोष्टी टाळल्या तर बाजारातला सर्वांत महाग मालही एक-दोन वर्षांच्या वर टिकत नाही.

सांध्यात भरलेल्या मालाला बाजारात ग्राउट म्हणतात. जुने गवंडी याच कामाला दरजा भरणे म्हणतात. हा माल टाइल्सच्या कडांना आधार देतो, फटीत कचरा आणि किडे जाऊ देत नाही आणि टाइल्सच्या आकारातला किंचित फरक सामावून घेतो. मात्र तो जलरोधक थर नव्हे. सिमेंटच्या ग्राउटमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी थोडे थोडे झिरपत असते. न्हाणीघरातले पाणी खालच्या मजल्यावर उतरू न देण्याचे काम टाइल्सखालच्या कोब्याचे आणि वॉटरप्रूफिंगचे आहे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ घरांत सांधे पुन्हा पुन्हा भरले जातात आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छतावरची ओल मात्र हटत नाही.

आपल्या घरात कोणता माल भरलेला आहे, हे ओळखणे अवघड नाही. जुन्या इमारतींत बहुतेक वेळा नुसते पांढरे सिमेंट, फार तर रंगाची पूड मिसळून, भरलेले आढळते. त्यात बारीक भरड किंवा पॉलिमर नसल्यामुळे ते वाळताना आकसते, त्याला केसासारख्या चिरा पडतात आणि पुढे त्याची पूड होऊ लागते. पाकिटात मिळणारे सिमेंटचे ग्राउट याहून बरेच चांगले असते. त्यात 3 मिलिमीटरपर्यंतच्या सांध्यासाठी वाळूविरहित आणि त्याहून रुंद सांध्यासाठी वाळूयुक्त असे दोन प्रकार येतात. रुंद सांध्यात वाळूविरहित माल भरला तर तो आकसून तडकतो आणि अरुंद सांध्यात वाळूचा माल तळापर्यंत उतरतच नाही. तिसरा प्रकार इपॉक्सीचा. त्यात सिमेंट नसते, राळ आणि हार्डनर यांच्या रासायनिक क्रियेने तो घट्ट होतो. किल्लीच्या टोकाने सांधा घासून पाहावा. पूड पडली तर माल सिमेंटचा, आणि प्लास्टिकसारखा गुळगुळीत व टणक लागला तर बहुधा इपॉक्सीचा.

आधी तपासणी

कोणतेही हत्यार हातात घेण्यापूर्वी एक दिवस नुसत्या पाहणीसाठी द्यावा. फरशी कोरडी झाल्यावर प्रत्येक टाइलवर नाण्याने किंवा पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकत जावे. घट्ट बसलेली टाइल टणक वाजते, तर खाली माल नसलेली टाइल पोकळ वाजते. पायाखाली हलणाऱ्या टाइलभोवतीचा सांधा कितीही नीट भरला तरी तो महिन्याभरात तडकतो, कारण दर पावलाला तिची कड वर-खाली होत असते. अशी टाइल काढून पुन्हा बसवणे हीच तिची दुरुस्ती आहे.

मग चिरा कुठे आहेत ते पाहावे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेतली चीर ही मालाच्या दोषामुळे नसून दोन पृष्ठभागांच्या वेगवेगळ्या हालचालीमुळे पडलेली असते आणि तिचा उपाय वेगळा आहे. तो पुढे सांगितला आहे. अनेक टाइल्स ओलांडून एका सरळ रेषेत जाणारी चीर दिसली, विशेषतः ती टाइललाही चिरत गेली असेल, तर खालचा थर हललेला असण्याची शक्यता असते आणि तिथे जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय सांधा भरू नये. सांध्यांवर पांढरी, मिठासारखी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर ते खालच्या थरातले क्षार आहेत; ओल वर येताना ते बरोबर आणते आणि पाणी उडून गेले की ते पृष्ठभागावर उरतात. ही पूड कोरड्या ब्रशने निघते, पण ओल कुठून येते हे सापडेपर्यंत ती येतच राहते.

खालच्या घरात ओल उतरत असेल तर दोन साध्या परीक्षा घरच्या घरी करता येतात. दोन-तीन दिवस ते न्हाणीघर अजिबात न वापरता त्याचे नळ बंद ठेवावेत, पण त्याला येणारी पाण्याची लाइन चालू राहू द्यावी. तरीही खालची ओल तशीच वाढत राहिली तर संशय दाबाखालच्या पाइपवर जातो. ओल कमी झाली तर नहाणी ट्रॅपचे (फरशीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीचे) तोंड बुच आणि कापडाने बंद करून फरशीवर साधारण 25 मिलिमीटर पाणी साठवावे, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि 24 तास थांबावे. बाष्पीभवनाने होणारी किंचित घट सोडून पातळी स्पष्ट खाली गेली किंवा खाली ओल उतरली, तर वॉटरप्रूफिंग गेलेले आहे. उंबरठा बुटका असेल तर पाणी बाहेर जाणार नाही याची आधी सोय करावी. या परीक्षेत पाणी टिकले नाही तर सांधे भरण्यावर पैसे घालवणे व्यर्थ आहे.

स्वच्छता आणि ॲसिडचा मोह

काळे दिसणारे सगळे सांधे खराब झालेले नसतात. पुष्कळदा त्यांवर साबणाचा चिकटा, क्षार आणि बुरशी यांचा थर असतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी एकदा नीट धुऊन पाहणे आवश्यक आहे.

आपल्याकडे या कामासाठी सर्रास ॲसिड ओतले जाते. फेस येतो, सांधा क्षणात उजळतो आणि काम झाल्यासारखे वाटते. तो फेस क्षार विरघळल्याचा असतो, पण ॲसिड तिथे थांबत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशीही संयोग पावते, त्यातून तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळते आणि धुतल्यावर वाहून जाते. म्हणजे प्रत्येक धुण्यात मळाबरोबर सांध्याचा एक पातळ थरही जातो, पृष्ठभाग आणखी खरबरीत होतो आणि पुढचा मळ अधिक लवकर धरतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या वसाहतींत हे चक्र फार वेगाने फिरते, कारण क्षार जास्त म्हणून ॲसिडही जास्त. लिंबू आणि व्हिनेगर यांची तीव्रता कमी असली तरी परिणामाची दिशा तीच आहे. शहाबादी आणि कडाप्पा हे तर मुळात चुनखडीचे दगड आहेत. तिथे ॲसिड सांध्याबरोबर दगडही खाते. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, एकापाठोपाठही वापरू नयेत, कारण त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सौम्य मार्ग असा. फरशी साध्या पाण्याने ओली करून घ्यावी. खाण्याच्या सोड्याची पाण्यात दाटसर पेस्ट करून ती सांध्यांवर लावावी, दहा मिनिटे ठेवावी आणि नायलॉनच्या ब्रशने सांध्याच्या दिशेने घासावे. तारेचा ब्रश वापरू नये. तो सिमेंट ओरखडतो आणि त्याचे तुटलेले तुकडे मागे राहिले तर तिथे गंजाचे डाग पडतात. एवढ्याने भागले नाही तर सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन ब्लीच पूड कोमट पाण्यात विरघळवून सांध्यांवर ओतावी आणि पंधरा मिनिटांनी घासून धुवावी. बुरशीच्या काळ्या ठिपक्यांसाठी साधे ब्लीच दहापट पाण्यात पातळ करून, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून वापरता येते, मात्र त्याआधी फरशीवरचा दुसरा प्रत्येक क्लीनर भरपूर पाण्याने धुऊन काढलेला असावा.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्सवर फोडणीचे शिंतोडे उडतात आणि सांध्यांवर हळद बसते. त्या डागावर साबण किंवा सोडा लावला की तो पिवळ्याचा लालसर होतो आणि डाग वाढला असे वाटून माणूस घाबरतो. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही क्रिया आहे: हळदीतला रंग अल्कधर्मी पदार्थाजवळ लाल होतो. ताजे सिमेंटही अल्कधर्मी असल्यामुळे नव्याने भरलेल्या सांध्यावर हे जास्त दिसते. अशा वेळी साबणाने तेलकटपणा काढून, पाण्याने स्वच्छ धुऊन, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून तो वीसेक मिनिटे डागावर ठेवावा. हळदीचा रंग उन्हातही उडतो; खिडकीतून ऊन पडत असेल तर दोन-चार दिवसांत उरलेली छटा आपोआप फिकी होते.

धुतल्यावर सांधा पूर्ण वाळू द्यावा. वाळल्यानंतरही तो सलग आणि टणक असेल, फक्त रंग उतरलेला असेल, तर तिथे खरवडण्याची गरज नाही. सांध्याला लावायचा रंग किंवा ग्राउट पेन पुरेसे आहे. जिथे माल खचला, तडकला किंवा पूड होऊन पडतो, तेवढेच भाग खडूने खुणा करून ठेवावेत.

जुना माल काढणे

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ आणि संयम इथे लागतो, आणि गवंडी घाईत असेल तर तो नेमका इथेच हात आखडतो. सांधा टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत रिकामा झाला पाहिजे. टाइल 8 मिलिमीटर जाडीची असेल तर सुमारे 5 मिलिमीटर. खोली मोजण्यासाठी आगकाडीवर पेनाने खूण करून ती सांध्यात उभी धरावी. खूण टाइलच्या पातळीखाली गेली की तेवढा तुकडा झाला.

एखाद-दुसरा सांधा असेल तर हाताने चालवायचा ग्राउट खरवडणीचा पाता पुरतो. तो नसेल तर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला कापड गुंडाळून वापरता येतो. सांध्याच्या मधोमध आधी एक सरळ खाच पाडावी आणि मग दोन्ही बाजूंनी कडेकडे जावे. सुरुवातच कडेने केली तर पाते घसरून टाइलचे काचेरी आवरण उडते आणि तो टवका कायमचा राहतो. संपूर्ण न्हाणीघर करायचे असेल तर कार्बाइड पात्याचे कंप पावणारे मल्टिटूल भाड्याने आणणे चांगले. डिस्क ग्राइंडरने काम झपाट्याने होते हे खरे, पण 2-3 मिलिमीटरच्या सांध्यात चकती जराशी कलली तरी दोन्ही टाइल्स जातात, म्हणून सराईत हाताखेरीज तो लावू नये. अगदी कडा भिडवून बसवलेल्या टाइल्समध्ये पाते शिरतच नाही. तिथे जेवढे सुटते तेवढेच काढून वाळूविरहित बारीक माल भरण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

या धुळीत बारीक सिलिका असते आणि ती फुप्फुसाला घातक आहे. एन-95 मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय काम सुरू करू नये, नहाणी ट्रॅपचे तोंड कापडाने बुजवावे, आणि खरवडलेला माल पाण्याने न लोटता व्हॅक्यूम क्लीनरने किंवा कोरड्या ब्रशने उचलावा. पाणी ओतले की ती पूड सांध्याच्या तळाशी चिखल होऊन बसते आणि नवा माल पुन्हा त्याच सडक्या थरावर टेकतो. शेवटी टाइल्सच्या उघड्या कडा ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात.

नवा माल कालवणे आणि भरणे

किती माल लागेल याचा अंदाज आधी बांधावा. 300 × 300 मिलिमीटरच्या टाइल्स, 3 मिलिमीटरचा सांधा आणि 8 मिलिमीटर खोली असेल तर एका चौरस मीटरला सुमारे पाव किलो ग्राउट लागते. 40 चौरस फुटांच्या न्हाणीघराच्या फरशीला म्हणजे किलोभर. वाया जाणारा धरून दोन किलो आणावे. टाइल लहान असेल तर सांधे वाढतात आणि मालही वाढतो. सगळी पाकिटे एकाच खेपेची असावीत, नाहीतर रंगात फरक दिसतो.

पसरट भांड्यात पाकिटावर सांगितलेले मोजून पाणी आधी घ्यावे आणि त्यात पूड घालत जावे. पूड आधी घेऊन वर पाणी ओतले तर तळाशी कोरड्या गाठी राहतात. पाण्याऐवजी पॉलिमरचे द्रव मिळते, तेही ओल्या जागेसाठी चांगले. माल श्रीखंडाएवढा घट्ट असावा, पत्र्यावर घेऊन उलटा केला तर ओघळू नये. पाच ते दहा मिनिटे तो तसाच ठेवून पुन्हा एकदा ढवळावा. वापरता वापरता घट्ट होऊ लागला तर त्यात पाणी मिसळण्याचा मोह टाळावा, कारण जास्तीचे पाणी उडून गेल्यावर तिथे छिद्रे उरतात, माल ठिसूळ होतो आणि त्याचा रंग ठिकठिकाणी वेगळा दिसतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल एका वेळी कालवावा.

उन्हाळ्यात कोरडे सांधे मालातले पाणी लगेच शोषून घेतात, म्हणून भरण्यापूर्वी ते ओल्या स्पंजने दमट करावेत, पण तळाशी पाणी साचलेले नको. रबरी पट्टीवर माल घेऊन ती सांध्याला तिरपी ओढावी आणि दाबून, दोन-तीन दिशांनी माल तळापर्यंत घालावा. सांध्याच्या दिशेने पट्टी ओढली तर तिची कड आत शिरून माल उकरून काढते. एका वेळी एक चौरस मीटरच भरावा. भरून झाल्यावर पट्टी जवळजवळ उभी धरून टाइल्सवरचा जादा माल तिरपा निपटून घ्यावा.

त्यानंतर थांबायचे. सांध्यावर बोट दाबले असता ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, ही पुसण्याची वेळ. हवेप्रमाणे पंधरा ते तीस मिनिटे. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत स्पंज धुवावा आणि दुसरीत विसळावा, आणि तो अगदी घट्ट पिळून तिरपा एकदाच फिरवावा. पाणी गळणाऱ्या स्पंजने सांध्याचा पृष्ठभाग धुऊन निघतो आणि वरचा थर कमजोर होतो. दोन-तीन तासांनी टाइल्सवर जी पांढुरकी झाक येते ती कोरड्या सुती फडक्याने पुसावी. सिमेंटच्या मालाला पाणी मारावे लागते हे घर बांधताना सर्वांना ठाऊक असते, सांध्याच्या बाबतीत मात्र विसरले जाते. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा मारावा. 24 तास त्यावर चालू नये आणि निदान तीन दिवस तिथे आंघोळ करू नये. एकच न्हाणीघर असलेल्या घरात ही अडचण मोठी असते, म्हणून काम अर्ध्या-अर्ध्या भागात करण्यापेक्षा घरची माणसे गावी गेलेली असताना ते काढणे उत्तम.

कोपऱ्यांत सिलिकॉन

भिंत आणि जमीन यांचा सांधा, दोन भिंतींचा कोपरा, कमोडच्या तळाभोवतीची, सिंकच्या आणि ओट्याच्या कडेची रेघ, या सर्व जागी ग्राउट टिकत नाही, कारण ते ताठ असते आणि तिथे दोन वस्तू वेगवेगळ्या हलतात. तिथला जुना माल काढून, जागा पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरावे. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने रेघ एकसारखी करावी आणि सिलिकॉन ओले असतानाच टेप ओढून काढावी. पूर्ण घट्ट होण्यास 24 तास लागतात.

इपॉक्सी केव्हा

शॉवरखालची जागा, सिंकमागची भिंत आणि तेल-हळदीचा ओटा यांसाठी इपॉक्सी घेण्यासारखे आहे. ते पाणी शोषत नाही, डाग धरत नाही आणि त्याला सीलर (पाणी मुरू नये म्हणून सांध्याला लावायचा द्रव) लागत नाही. किंमत जास्त आणि हाताळणी कठीण. राळ, हार्डनर आणि भरड पूड यांचे प्रमाण ठरलेले असते, म्हणून पाकीट अर्धे वापरून चालत नाही. मिसळल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. टाइल्सवरचे इपॉक्सी त्याच वेळी पुसले गेले नाही तर नंतर ते खरवडूनही निघत नाही. सांधे हाडासारखे कोरडे हवेत, त्यामुळे कोकणपट्टीत हे काम पावसाळ्यात काढू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला सर्वांत चांगली. आयुष्यात पहिल्यांदाच सांधे भरणाऱ्याने इपॉक्सीने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीलर आणि नंतरची निगा

सिमेंटच्या सांध्याला सीलर हवा की नको, हे पाण्याचा एक थेंब सांगतो. थेंब मण्यासारखा वर राहिला तर सीलर शाबूत आहे. थेंब मुरून जागा गडद झाली तर तो लावायची वेळ झाली आहे. नव्या सांध्याला पाकिटावर सांगितलेल्या दिवसांनी, पूर्ण वाळल्यावर, आत मुरणारा सीलर बारीक ब्रशने लावावा आणि टाइल्सवर सांडलेला पाच-दहा मिनिटांत पुसून घ्यावा. शॉवरच्या जागी दर वर्ष-दोन वर्षांनी थेंबाची परीक्षा पुन्हा करावी.

आंघोळीनंतर फरशीवरून एकदा वायपर फिरवणे आणि दार-खिडकी अर्धा तास उघडी ठेवणे, एवढ्याने क्षार आणि बुरशी दोन्ही निम्म्याने तरी आटोक्यात राहतात असा आमच्या घरचा अनुभव आहे. बादली कायम एकाच जागी ठेवू नये. आता आमची बादली छोट्या पाटावर असते आणि नळाखालचा तो सांधा कोरडा राहतो.

उरलेली पूड हवाबंद डब्यात ठेवावी. दमट हवेत तिच्या गाठी झाल्या तर ती टाकून द्यावी. रंगाचा क्रमांक आणि काम केल्याची तारीख मात्र कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी, म्हणजे पुढे एखादाच सांधा भरायचा झाला तर दुकानात जाऊन नेमका तोच रंग मागता येतो.